गिटारचा पट्टा आणि आमचे दाजी

जगातली प्रत्येक वस्तू आधी कापड आहे आणि मग काय असेल ते आहे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे दाजी गुजरातेत, उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड तपासतात. रंगून आलेला कापडाचा तागा दिव्याच्या टेबलावरून सरकवत डाग, गाठ, तुटलेला धागा शोधायचा, हे त्यांचं काम. मिल सुटली तरी हे काम काही सुटत नाही. लग्नात आहेर द्यायला गेले की ते शालूचा पदर चिमटीत धरून चोळत बसतात आणि पाया पडायला वाकलेली नवरी बिचारी तशीच वाकून राहते. सिटी बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर त्यांनी एकदा इतकी मन लावून चाचपली की तो दोन स्टॉप आधीच उतरून गेला. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत तर कहर झाला. होणाऱ्या सासऱ्यांच्या दिवाणखान्यातल्या पडद्याचा धागा त्यांनी उपटला, काडी ओढून जाळला, वास घेतला आणि भर बैठकीत "पॉलिस्टर" असा निकाल दिला. सासरेबुवांनी तो पडदा रेशमी म्हणून घेतला होता. ते अजूनही आमच्या दाजींशी जरा जपूनच बोलतात.

माझी ताई एका शाळेत संगीत शिकवते. पेटी शिकवते, पण तिचा जीव गिटारवर. आणि ती वाजवणार उभं राहूनच, कारण बसलं की मागच्या बाकावरची पोरं गाण्याच्या नावाखाली डबे खातात, असं तिचं म्हणणं. गेल्या वर्षी तिच्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. दाजींनी औषधाची एक वेळ चुकवली नाही, मोसंबीचा रस स्वतः काढला, दवाखान्यातल्या चादरींबद्दल नर्सला भाषणही दिलं. पण त्या आजाराचं नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. "ते झालं तेव्हा" एवढंच म्हणायचे आणि उठून पाणी प्यायला जायचे. ताईही मग दुसरा विषय काढायची. उपचार संपल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, गिटार वाजवा, पण डाव्या खांद्याला ओढ बसता कामा नये, आणि टोचायला लागलं तर सोडून द्या. आता गिटारचा पट्टा येतो नेमका डाव्या खांद्यावरून, छातीवर. तिचा जुना नायलॉनचा पट्टा तर गळ्यात घालताच तिचा चेहरा बदलला. ती शांतपणे म्हणाली, शाळेच्या संमेलनात पोरांबरोबर प्रार्थना वाजवून बघते. जमलं तर ठीक, नाहीतर गिटार शाळेच्या कपाटात ठेवून देते. दाजी खिडकीशी उभे होते. तोंड न वळवताच म्हणाले, "पट्टा मी बघतो."

मग आमचे हाल सुरू झाले. रिंग रोडजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात मला सोबत घेऊन गेले. दुकानदारानं पट्टे मांडले. दाजींनी एकेक उलटासुलटा केला, गालाला लावला, मनगटाच्या आतल्या बाजूनं घासला, आणि मी इकडेतिकडे बघतोय तेवढ्यात एकाचा धागा ओढून काडी लावली. "काका, आ शुं करो छो?" म्हणत तो गुजराती भाई काउंटरवरून जवळजवळ उडी मारूनच आला. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. दुसऱ्या दुकानात त्यांनी चामड्याचा पट्टा हुंगून नाक मुरडलं. घरी आणलेल्या नमुन्यांना ते प्रेशर कुकर लटकवायचे आणि माझ्या खांद्यावर घालून मला हॉलमध्ये फेऱ्या मारायला लावायचे. एकदा खालच्या मजल्यावरचे काका दार उघडं बघून आत डोकावले, कुकर गळ्यात घातलेला मी त्यांना दिसलो, आणि ते आल्या पावली परत गेले. मी वैतागून म्हटलं, दाजी, माझ्या खांद्यावर काय बघताय, ताईला विचारा ना. त्यावर अहिराणीत उत्तर मिळालं, "तुले काय समजस त्यामा?" ते चिडले की अहिराणीत शिरतात आणि घाबरले तरी तिथंच शिरतात. त्या दिवशी यातलं कुठलं होतं ते मला कळलं नाही.

शेवटी त्यांनी स्वतःच पट्टा करवून घेतला. साडीच्या धंद्यात उंची मालाची खूण म्हणजे तो हातातून सुळकन निसटला पाहिजे. दाजींनी असं साटीन शोधून काढलं की चिमटीत राहीना. आत मऊ कापूस, ब्लाउज शिवणाऱ्या मास्तरकडून बारीक टीप. पट्टा इतका देखणा झाला की लग्नात नेसवावा. संमेलन तोंडावर आलं होतं. रविवारी ताईनं तो गळ्यात घातला, हसली, म्हणाली, "किती मऊ हो." तारा छेडायला तिनं दोन्ही हात उचलले मात्र, पट्टा खांद्यावरून सरकला, गिटारचा दांडा झपकन खाली गेला आणि तो सावरायला तिनं डावा हात झटक्यानं ओढला. ती ओरडली नाही. नुसती पांढरीफटक पडली. गिटार खोळीत घातली, चेन लावली आणि म्हणाली, "राहू दे आता." तो दिवसभर दाजी कशालाही हात न लावता बसून होते. जेवायच्या ताटालासुद्धा.

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी चहाचा कप ठेवायला आत गेलो आणि माझ्यामागून दाजी आले. हातात शिंप्याचा खडू. मला बाहेर जावंसं वाटत होतं, पण दारात तेच होते. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "कुठं टोचतं तुला?"

एवढ्या मोठ्या दुखण्यात हा प्रश्न या घरात कुणी विचारला नव्हता. मीही नाही. ताईच्या हातातली जुडी तशीच राहिली. इंजेक्शनं, केस जाणं, सगळं कोरड्या डोळ्यांनी काढणारी माझी बहीण ओठ आवळून रडायला लागली. मग तिनं हात पुढे केला, खडू घेतला आणि स्वतःच्या कुर्त्यावर गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत सावकाश एक वाकडी रेघ ओढली. "याच्या अलीकडे काही नको," म्हणाली. दाजी ती रेघ बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं कापड हात न लावता बघितलं.

नवा पट्टा रुंद होता, जाड सुती, धुऊन धुऊन नरम केलेला, पण खालून खरखरीत, म्हणजे जागचा हलायचा नाही. रेघ चुकवून तो मानेकडे वळवून घेतला होता. घरात वाजवून बघायला ताई तयार होईना. जे व्हायचं ते तिथंच होऊ दे, म्हणाली.

संमेलनाला आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. ताई पोरांच्या मधोमध उभी राहिली, पट्टा घातला, आणि दाजींनी माझं मनगट पकडलं. प्रार्थना सुरू झाली. मध्ये एकदा तिनं डावा खांदा किंचित हलवला, तेव्हा दाजी खुर्चीवरून अर्धे उठले. मागच्या बाई "बेसो ने, भाई" म्हणाल्या, तरी ते तसेच अर्धवट. माझा हात बधिर झाला होता, पण सोडवून घ्यायची माझी छाती झाली नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, "संपलं का?" एक सूर त्यांच्या कानात शिरला नव्हता.

बाहेर पार्किंगमध्ये पालकांची, पोरांची ही गर्दी. ताई गिटार घेऊन आली. दाजींनी विचारलं, "टोचलं?"

"नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "थोडं."

"कुठं?"

आमच्याकडे नवरा-बायको चारचौघांत एकमेकांच्या जवळसुद्धा उभे राहत नाहीत. ताईनं गिटार माझ्याकडे दिली, दाजींचा हात धरला आणि सगळ्यांदेखत आपल्या छातीवर तिथं नेऊन ठेवला. मी स्कूटर काढायच्या निमित्तानं बाजूला झालो. वळून बघितलं तर ते तसेच उभे होते, आणि माणसं त्यांना वळसा घालून जात होती.