एकदाच विचारणारी हिमानी

बेसा गावच्या हिमानीला लहानपणापासून एक खोड. माणूस तोंडानं जे बोलेल तेवढंच खरं मानायचं. लहान असताना ती पारशिवनीला मामाच्या लग्नाला गेली. पंगत बसली, वाढपी जिलेबीची परात घेऊन आले. पाहुणे पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून "बस बस, नको" म्हणत होते आणि वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतच होते. पोरीला हे काही पटेना. "ते नको म्हणतात ना!" असं ओरडून तिनं परातच अडवली. सगळा मांडव पोट धरून हसला. ज्यांचे हात आडवे होते त्यांचे चेहरे मात्र पडले, कारण वाढप्यांनी खरंच पुढची रांग धरली!

तीच हिमानी आता कॉलेजात शिकते आणि तिथल्या सेवा मंडळाची प्रमुख आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचे आजोबा शहरात धंतोली भागातल्या एका दवाखान्यात भरती होते. तेव्हा खिडकीतून तिला रोज खाली फुटपाथवर बसलेली माणसं दिसत. गावोगावहून पेशंटसोबत आलेली, झाडाखाली चादर अंथरून निजणारी, तोंडं सुकलेली. आजोबा बरे होऊन घरी आले, पण ती तोंडं काही हिच्या डोळ्यांपुढून हलेनात. तिनं मंडळाला कामाला लावलं. दर रविवारी सकाळी पोह्यांचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, आणि चण्याची झणझणीत तर्री घेऊन पोरं धंतोलीत जाऊ लागली.

आता खोड ती खोड. हिमानीनं नियम घालून दिला : नम्रपणे एकदा विचारायचं. नाही म्हटलं की नमस्कार करून पुढं व्हायचं. कोणाच्या गळ्यात पडायचं नाही, ज्याचा त्याला मान असतो.

नियम चांगलाच होता. फक्त गंज जसा भरून जाई, जवळजवळ तसाच परत येई.

शेवटी मंडळाचं काम पाहणारे कॉलेजातले विश्वनाथ सर म्हणाले, "हिमानी, लोकांना गरजच नसेल तर अन्न कशाला वाया घालवायचं? या रविवारी मी स्वतः येतो. गंज असाच परत आला तर धंतोली बंद. दुसरं काम पाहू."

 रविवारी पहाटेच उठून हिमानीनं स्वतः फोडणी घातली. चहासुद्धा घ्यायचं सुचलं नाही.

पण धंतोलीत तेच. "नाही जी." "झालं आमचं." मंडळातला दुर्गेश गंजाचा कान धरून वैतागला. "हिमानी, आपण पोहे वाटून नाही राहिलो वं, फिरवून राहिलो!"

लिंबाच्या झाडाखाली रुख्मिणीबाई बसल्या होत्या. पारशिवनीकडच्या एका खेड्यातल्या. मुलाचं ऑपरेशन झालेलं, आत एकाच माणसाला बसू देत, तिथं सून होती.

"आजी, पोहे घेता का?"

"नाही वं माय, झालं."

हिमानीनं नमस्कार केला, पण पुढं जायला पाय उचलेनात. पलीकडं सर घड्याळ पाहत होते. ती तिथंच, झाडाच्या पारावर टेकली.

म्हातारीनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "तू जेवली का वं पोरी?"

"हो आजी, झालं."

"झालं म्हणते! तोंड तं पाह्य केवढंसं झालं." रुख्मिणीबाईंनी गाठोडं सोडलं. ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी. "घे."

"नको आजी, खरंच."

"अवं घे न! काहून लाजून राहिली? मी काय परकी आहो?"

हिमानीनं घेतली. पहिला घास तोंडात गेला आणि ती थबकली. पहाटेपासून पोटात कण नव्हता, आणि ती दोनदा नको म्हणाली होती! तिला मामाच्या लग्नातले ते आडवे हात आठवले. हातांमागचे पडलेले चेहरे आज पहिल्यांदा आठवले.

"आजी, तुम्ही कधी जेवलात?"

"सांगतलं न, झालं."

"कधी?"

रुख्मिणीबाईंनी गाठोड्याची गाठ चाळवली. "काल, गावावरून निघतानी. एकटीच्या घशाखाली घास नाही उतरत वं. तू बसली म्हणून सोडलं गाठोडं."

"मग मी भाकर खाल्ली, आता तुम्ही पोहे घ्या. नाहीतर ही भाकर परत."

"उष्टी भाकर परत देते म्हणे! मोठी शहाणी आली." म्हातारीनं हिमानीजवळची प्लेट ओढून पुढं केली. "घाल थोडेसे. आन् तर्री घाल न वं, हात काहून आखडून राहिली?"

हिमानी ताडकन उठली. "दुर्गेश, विचारू नको कोणाला! चादरी टाक. आपणही बसतोय जेवायला."

पोरं माणसांच्या मधेमधे बसली. "या बाबा, आम्ही पण जेवूनच राहिलो." कोणी लोणच्याची पुडी सोडली, कोणी चिवडा काढला. प्लेटांवर हात आडवे आले, "बस, बस" झालं, आणि हिमानी बोटांच्या फटीतून पोहे सोडत रांगेनं पुढं निघाली. गंजाच्या बुडाला पळी खणखणू लागली.

सर अजून उभेच होते.

"हे सायब काहून उभे राहिले गा?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "बसा न."

सर संकोचून चादरीच्या कडेला टेकले. प्लेट पुढं येताच त्यांनीही वर हात आडवा धरला. "नको नको, माझं घरून झालंय."

हिमानीनं गंज खरवडून शेवटचे पोहे पळीत घेतले, वर तर्री सोडली.

"सर, बोटं जरा बाजूला घ्या. तर्री गरम आहे."

सरांनी हात काढून घेतला.