नाव घातलेला हंडा

ताई गेली, पालीला, तिच्या सासरी. तिला नेल्यावर घरातलं पाणी ओतून टाकलं आणि हंडा अंगणात पालथा घातला.

माणूस गेलं की घरात भरलेलं पाणी ठेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी तो हंडा पालथा पाहिला आणि मी जोत्यावरच बसले. त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव उलटं दिसत होतं. मी ते उलटंच वाचलं. बायका येत होत्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून आत जात होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर भोरच्या बाजारातल्या एका पायरीवरून उतरणारा पाण्याचा ओघळ होता.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आमचं गाव भाटघरच्या बाजूला, भोरला चालत जाता येई असं. सोयरीक जुळवायला पालीला गेलो, तेव्हा सगळ्यांनी घर पाहिलं, बैलं पाहिली. आईनं पाणवठा पाहिला. तो घराच्या पुष्कळ खाली होता. भरलेला हंडा घेऊन चढ चढायचा. परत येताना ती एवढंच म्हणाली, "आंदणात दुसरं काय कमी पडलं तर पडू द्या. हंडा चांगला पायजे."

हंडा भोरातूनच घेतला, पितळी. दुकानाच्या ओट्यावर नाव घालणारे एक म्हातारे कारागीर बसत. त्यांनी हंडा मांडीवर घेऊन बारीक हातोडीनं ताईचं नाव घातलं. नव्या हंड्यात पहिलं पाणी नवरीनंच घरच्या विहिरीवर भरायचं, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे दुकानात पाणी घालून पाहावं, असं कोणाच्याच मनात येत नसे. आधी नाव, मग पाणी.

ताईनं हंड्याला हळदकुंकू लावलं, विहिरीवर भरला आणि डोक्यावर घेऊन आली. तिची पाठ भिजली होती. "हिंदकळलं असंल," ती म्हणाली. हंडा कापडाच्या चुंबळीवर ठेवला. थोड्या वेळानं ती चुंबळ पिळून घेण्याजोगी झाली. वडिलांनी हंडा आडवा करून बुडाजवळच्या जोडावर नख फिरवलं, तर लाखेची खपली निघून हातात आली. भोक लाखेनं बुजवून वरून चकचकीत केलं होतं.

"भोकाला डाख मारून आणतो," वडील म्हणाले.

"नव्या हंड्याला डाख?" आई म्हणाली. "तिथल्या बाया पयल्याच दिशी बूड उलटून बघतील."

"आई, ऱ्हाऊ दे," ताई म्हणाली. "लगीन तोंडावर आलंय. मी नेते असाच."

"आन् जलमभर अर्धाच हंडा घरी आणशील?" आई म्हणाली.

बाजारच्या दिवशी आई आणि मी हंडा घेऊन भोरला गेलो. शेठ ओळखीचे, बोलायला गोड. "या वहिनी, बसा," म्हणाले. आईनं हंड्याचं बूड दाखवलं. त्यांनी ते पाहिलं न पाहिलंसं केलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"आणि वहिनी, वर नाव घातलंय. नाव घातलं की भांडं गिऱ्हाइकाचं. दुसऱ्याच्या लेकीचं नाव असलेला हंडा मी कोणाला विकू? फार तर मोडीत घेतो."

मला वाटलं, संपलं. छापलेल्या अक्षरापुढे बोलायचं नसतं, अशा समजुतीत मी वाढले होते. शिवाय नावाचं त्यांचं म्हणणं मलाही खरं वाटलं.

आईनं पाटी वाचली. तिला वाचता येत होतं. मग ती मला म्हणाली, "चौकातल्या नळावरनं हंडा भरून आण."

मी भरून आणला. आईनं पदराखालून चुंबळ काढली, दुकानाच्या पायरीच्या एका कडेला ठेवली, तिच्यावर हंडा ठेवला आणि शेजारी बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट राहील अशी बेतानं बसली. पाणी चुंबळीतून झिरपलं, पायरीवर आलं, खालच्या पायरीवर उतरलं.

"हे काय मांडलंय?" शेठ म्हणाले.

"काय न्हाई शेठ. हंड्यात पाणी भरलंय. हंडा पान्यासाठीच असतो न्हवं?"

वेल्ह्याकडचं एक लग्नाचं वऱ्हाड भांडी घ्यायला आलं. त्यांच्यातली एक म्हातारी ओघळ ओलांडताना थांबली.

"बाई, हितंच घेतला व्हय ह्यो?"

"व्हय, हितंच. पर शेठ मानूस चांगला हाय. बघत्यात ते काय करायचं ते."

म्हातारीनं हंड्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. "अवो शेठ, पोरीला हंडा दिला का झारी? सडा टाकायची सोय केलीया जनू!" वऱ्हाड हसलं. आई हसली नाही. तिनं वाईट शब्द काढला नाही, आवाज चढवला नाही. म्हातारी आत गेली आणि तिचा आवाज बाहेर ऐकू आला, "आमच्या हंड्यात आदी पानी वता. मंग नाव घाला."

मागून आलेल्या बाईनंही तेच म्हटलं. तिच्या मागच्या माणसानंही. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांची हातोडी थांबली. मी आईकडे पाहत होते. रोज चुलीपुढे वाकलेली ही बाई त्या पायरीवर अशी बसली होती, की देवळात गाभाऱ्यासमोर आवाज आपोआप खाली जातो, तसं मला झालं.

शेठ बाहेर आले. "डाख फुकट मारून देतो."

"नगं."

"बरं, दुसरा हंडा न्या. उठा आता."

आईनं दुसरा हंडा तिथंच भरून घेतला. नवरीनं पहिलं पाणी भरायची रीत तिनं त्या दिवशी मोडली; मला खूण केली आणि मी नळावरून भरून आणला. चुंबळ कोरडी राहिली, तेव्हा नाव घालायला दिला. मी निघायला उठले, तरी ती बसूनच होती.

"आता काय?" शेठ म्हणाले.

"जुन्यावरचं नाव काढा. माज्या समूर."

"अहो, तो मोडीतच जायचा आहे."

"हंडा जाऊ द्या. लेकीचं नाव मोडीत जाया न्हाई पायजे."

शेठनी ओट्याकडे हात केला. म्हाताऱ्यांनी गळका हंडा मांडीवर घेतला आणि कानशीनं एकेक अक्षर घासलं. पितळेची पूड त्यांच्या धोतरावर पडत होती. शेवटचं अक्षर गेल्यावर त्यांनी अंगठ्यानं जागा पुसून आईला दाखवली. आईनंही त्यावरून हात फिरवला. मग उठली.

ग्राहकाच्या हक्कांचा कायदा पुढे बऱ्याच वर्षांनी आला. मी शिक्षिका झाले होते. वर्गात तो शिकवलाही. सदोष माल, भरपाई, तक्रार, असे शब्द फळ्यावर लिहिताना दर वेळी खडू जरा थांबायचा. लेकीचं नाव काढून घेण्याचा हक्क त्यात कुठे नव्हता.

ताईनं त्या हंड्यानं जन्मभर पाणी वाहिलं. दारात नळ आला तरी पिण्याचं पाणी त्यातच भरे. बूड कोणी उलटून पाहिलं का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. "सासूनं पायलं," ती म्हणाली. "आन् गप ठिवलं."

दिवस झाल्यावर भाच्यानं विचारलं, "मावशी, तुमाला काय पायजे का आईचं?" मी हंडा मागितला.

तो आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यावर ताईचं नाव आहे. मी तो रोज सकाळी भरते. खालची चुंबळ कोरडी असते.