राजा एक घर पुढे

लडाखच्या फील्ड हॉस्पिटलात माझं पोस्टिंग होतं. मी मिलिटरी नर्सिंगची कॅप्टन, माहेर रोहा. रोज संध्याकाळी १८०० ला वरच्या पोस्टवरून वायरलेस सेटवर तब्येतीचा रिपोर्ट यायचा. तो द्यायचा तिथला नर्सिंग असिस्टंट, नाईक हरेश्वर म्हात्रे. पेणजवळच्या कासूचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. वर डॉक्टर नव्हता. बारा जवानांचा श्वास, नाडी, डोकेदुखी, सगळं हाच बघायचा.

पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मॅडम, तुम्ही रोह्याच्या ना? बुद्धिबळ येतं काय? ओव्हर."

"पेणवाल्यांना हरवण्यापुरतं येतं. ओव्हर."

मग रिपोर्ट संपला की दोघांची एकेक चाल. आमचे डॉक्टर मेजरसाहेब ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मी तरी कुठे शिकलेली! वॉर्डात पेशंटांच्या खांद्यावरून बघून बघून आलं. म्हात्रे गावच्या रीतीनं प्यादं एकच घर ढकलायचा. त्याला मी सांगितलं, पहिल्या चालीला दोन घरं चालतात. आधी पटाचा मध्य धर. घोडे, उंट बाहेर काढ. वजिराला लवकर नाचवू नकोस. लढाई पेटायच्या आत किल्लेकोट कर, राजा कोपऱ्यात सुरक्षित ठेव. आणि समोरच्यानं भलतीच चाल केली तर हसायचं नाही. पटावरचा हात काढायचा आणि विचारायचं, हा असं का खेळला?

"आन कारण सापडलंच नाय तर?"

"तर पुन्हा विचारायचं."

नव्या डावात तीन दिवस तो शहाण्यासारखा खेळला. प्यादं, घोडा, उंट. चौथ्या दिवशी दुपारपासून वर बर्फ पडत होतं. आता किल्लेकोट करणार, हे मी धरूनच चालले होते.

१८०० ला सेट बोलला. "बारा जण फिट." थोडं थांबून पुन्हा, "बारा जण फिट. ओव्हर."

"चाल सांग. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "राजा एक घर पुढे."

मी हसले. "काय रे म्हात्रे, राजाला मीठ ओढायला धाडलास? ओव्हर."

"व्हय," एवढंच म्हणाला. ओव्हरसुद्धा म्हणाला नाही.

मी पट मांडून बसले. त्या उघड्या राजाला कसं घेरायचं, याचे बेत करत. मनाशी खूश होते हो मी! घोडा उचलला आणि हात तसाच राहिला. इतकं शिकवलेला माणूस असं का खेळला? रिपोर्ट दोनदा का दिला? आणि पोस्टवर माणसं तर तेरा. तेराव्याची तब्येत कोण बघतं?

घड्याळात १८४० झाले होते. मी मेजरसाहेबांकडे धावले. त्यांनी सेटवर पोस्टच्या हवालदाराला घेतलं. "म्हात्रेला सरळ रेषेत चालवा. ओव्हर."

"साब, गिर रहा है. सुबह से सिरदर्द बोल रहा था. ओव्हर."

उंचीवर मेंदूला सूज येते, तेव्हा माणूस असाच भरकटतो. ऑक्सिजन लावा, इंजेक्शन द्या, ताबडतोब खाली आणा, साहेबांनी हुकूम सोडला. पण पोस्टवर इंजेक्शन देणारा तोच होता. साहेबांनी सेटवरून एकेक शब्द सांगून हवालदाराकडून ते देववलं. चौघं त्याला घेऊन निघाले. बर्फ थांबलं नव्हतं.

०६१० ला सेट बोलला. म्हात्रे वाटेतच गेला होता.

साहेब म्हणाले, चाळीस मिनिटांनी फरक पडला नसता. असेल. मी ते कधी मोजायला गेले नाही, आणि विसरलेही नाही.

सुट्टीत कासूला उतरले. त्याच्या आईनं चहा ठेवला. पत्रातून सगळं कळवायचा तो. तिनं विचारलं, "डाव कोण जिकला गो?"

"अर्धाच राहिला, आई."

आता पेणला रामवाडीत चार जणांना बुद्धिबळ शिकवते. माझ्याकडे कुणाच्या चालीवर हसायचं नाही.

त्या दिवशीच्या रिपोर्टात माझ्याच अक्षरात 'बारा फिट' लिहिलेलं आहे. ते मी खोडलं नाही. खाली दुसऱ्या सकाळी एक ओळ वाढवली. तेरावा, नाईक हरेश्वर म्हात्रे, कासू.