तांडेलचे कान

तांडेल कानाने बघायचा. बोईसरच्या आमच्या कारखान्यात तो कॉम्प्रेसरवर ऑपरेटर होता. शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येऊ नये असा तिथला आवाज. त्यात हा एक लाकडी दांडकं यंत्राला टेकवायचा, दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, तीन नंबरची झडप दोन दिवसांत जाणार. ती जायची. मी तिथे खरेदी अधिकारी होतो. त्या कानांचं पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ही विद्या त्याने मुरब्याहून आणली होती. तिथल्या मच्छीमार घरातला तो. होडीचा म्होरक्या होता, म्हणून कारखान्यातही तांडेलच. वल्हं पाण्यात उभं धरून दांड्याला कान लावला की खाली घोळ माशांचा थवा बोलताना ऐकू येतो, मग जाळं टाकायचं. एका हंगामात त्याचा धाकटा भाऊ समुद्रात पडला तो सापडलाच नाही. आईनं शपथ घातली आणि हा कारखान्यात आला. तरी सुट्टीच्या दिवशी खाडीत होडी नेऊन वल्ह्याला कान लावून बसायचा.

काय ऐकतोस, असं मी एकदा विचारलं.

"भाऊ हाय खाली," तो म्हणाला. "दादा, येतोस ना, म्हणून विचारतो."

वाणगावला राहणाऱ्या भावाचं पत्र आल्यासारखं त्याने हे सांगितलं. फिटर लोक चिडवायचे, भावाला म्हणावं येताना चार पापलेट आण. तांडेल हसून म्हणाला, "सांगितलं. तो बोलतो, तुमीच या न् घेऊन जा." त्यानंतर कुणी चिडवलं नाही.

कॉम्प्रेसरवरच्या माणसांसाठी कान झाकायची साधनं घ्यायचं ठरलं, तेव्हा तीन नमुने आले. कानात घालायच्या स्पंजच्या गोळ्या, एक देशी जोडी आणि एक परदेशी, जाड गादीची. माणसं त्यांना हेडफोनच म्हणत. निवड तांडेलवर सोपवली. त्याची कसोटी साधी होती: यंत्राजवळ उभं राहून थुंकी गिळायची, स्वतःचा घोट ऐकू आला तर वस्तू खरी. गोळ्या त्याने लगेच काढल्या, देशी जोडीला नाक मुरडलं. परदेशी जोडी घातली आणि त्याचा चेहराच बदलला. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग बाहेर येऊन म्हणाला, "सायब, हाच मागवा. यात भाऊ वल्ह्यापेक्षा साफ बोलतो. कान राहिले तर म्हातारपणी पण ऐकेन त्याला."

मला तेव्हा कामासाठी वरचेवर विमानाने जावं लागे. रोज पालघर-बोईसर बसचा खडखडाट, त्यात माझी अर्धशिशी. ती जोडी मी एकदा बसमध्ये घालून पाहिली आणि मला ती सोडवेना. मी अहवालात लिहिलं: या साधनामुळे ऑपरेटरला भास होतात, वापरास अयोग्य. फाइल बंद झाली. माणसांना कापसाचे बोळे मिळाले आणि नमुना माझ्या बॅगेत राहिला.

पुढच्याच महिन्यात मद्रासच्या विमानात मी तो लावला. इंजिनाचा आवाज विझला. आणि अगदी कानाशी, ओल्या घशातून यावी तशी हाक आली, "दादा, येतोस ना?" मी वळून पाहिलं. शेजारची जागा रिकामी होती. मला धाकटा भाऊ नाही. ती जोडी मी परत कधी घातली नाही, तांडेललाही दिली नाही.

चार वर्षांत तो ठार बहिरा झाला. दांडकं लावून बसायचा आणि सांगायचा काहीच नाही. लोक म्हणत, त्यानेच भुताटकीच्या भीतीने हेडफोन नाकारला. माझ्या अहवालातून अर्थही तसाच निघत होता.

नोकरी सुटल्यावर मी एकदा मुरब्याला गेलो. अंगणात त्याची बायको बोंबील वाळत घालत होती, तो ओट्यावर बसला होता. सगळं कबूल करायचं म्हणून गेलो होतो, पण त्याला ऐकू येणार नव्हतं. खुणा करून तिलाच सांगावं लागलं असतं. तेवढ्यात तोच बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "सायब, तो हेडफोन तुमी विमानात लावलात ना? माझा भाऊ काय बोलला? मला आता वल्ह्यात पण ऐकू येत नाय."

त्याला कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. रागाचं नावही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. तो फक्त माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी मान हलवली. काही नाही.

"मग भासच असंल," असं म्हणून तो आत गेला. पुढच्या होळीच्या आत वारला.

भास नव्हता, तांडेल. तो तुला बोलावत होता.