दीपगृहाचे पडदे

आमच्या शेजारचे नानाकाका रोज सकाळी ऊन अंगणात आलं की खिडकीचा जाड पांढरा पडदा ओढून घेतात. एकट्या माणसाला उजेडाचा कंटाळा येत असेल, असं मला वाटायचं. परवा विचारलंच.

"अगं, भिंग तापेल ना," ते बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले.

काका दीपगृहावर नोकरीला होते. तिथल्या माणसाएवढ्या उंच भिंगातून रात्री उजेड समुद्रावर जायचा. पण दिवसा त्याच भिंगातून सूर्य आत शिरला, तर दिवाच जाळून टाकायचा. म्हणून उजाडताच सगळ्या काचांवर पडदे ओढायचे. ते पडदे काकूंनी घरच्या मशीनवर शिवलेले. पुढे काकू गेल्या. मग भिंगही काढलं आणि डब्याएवढा दिवा बसवला. तो आपला आपण लागतो, विझतो. जहाजांना तर आता वाट उपग्रहच सांगतात. टाकून द्यायला काढलेले पडदे काकांनी घरी आणले.

नव्या दिव्याला मी नावं ठेवत नाही. पण जपायची वस्तू गेली तरी जपायची सवय लागलेले हात मागे राहतात, त्यांचं काय करायचं?

काल मी दीपगृहावर चढून आले. काचेच्या खोलीत ऊन खुशाल पसरलं होतं. पडद्यांच्या कड्या तेवढ्या उरल्या होत्या.

परतल्यावर काकांनी अंधाऱ्या खोलीतूनच विचारलं, "वर ऊन शिरत असेल ना गं?"

"नाही काका. पडदे लावलेत कुणीतरी."

त्यांनी विचारलं, "पांढरेच?"

"पांढरेच," मी म्हणाले.