जावयाने जाळ कमी केला

आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. सासुरवाडीत मी उडतं विमान खाली कसं बसवलं, ते सांगतो!

सासुरवाडी श्रीगोंद्याकडची, सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, गुऱ्हाळ आहे. मेव्हणा संदीप छोटी विमानं उडवतो. लिंबाएवढं इंजिन, पण आवाज टेम्पोचा! दुसऱ्या दिवशी नगरला त्याची स्पर्धा होती. वर्षभर त्या इंजिनावर जीव टाकला होता पठ्ठ्याने.

ताकद वाढावी म्हणून त्याने इंधनात जास्तीचं नायट्रो मिसळलं. इंजिन चालू करून विमान माझ्या हातात दिलं.

"नायट्रोनं जोर लई येतो दाजी, पन इंजिन तापतंबी. म्हनून इंधन सढळ सोडलंय. इंधनाच्या स्क्रूला हात लावू नका!"

एवढं बोलून तो वाटेतल्या शेळ्या हाकलायला गेला. आणि इंजिनातून भसाभसा धूर!

जळालं तर? आता तुम्हीच सांगा, रसाची काहील उतू जायला लागली की गुऱ्हाळावर काय करतात? खालच्या चुलवाणात उसाची चिपाडं घालायची थांबवतात. जाळ कमी! मी हळूच स्क्रू आवळला.

धूर बंद, आवाज खणखणीत! म्हटलं, वाचवलं इंजिन. उगाच संदीपला कशाला सांगा?

संदीपने परत येऊन रिमोट हातात घेतला आणि विमान झपकन वर गेलं. मग आवाज चिरका व्हायला लागला. संदीपचं तोंड पांढरंफटक.

"दाजी, स्क्रू फिरवला का?"

"जरासाच. तापत होतं ना, म्हणून इंधन कमी केलं."

"आवो, सढळ इंधनानंच तर गार ऱ्हातं ते!"

खाड्! आवाज बंद. विमान तिरकं होत गुऱ्हाळाकडे निघालं आणि वाळत घातलेल्या चिपाडांत घुसलं. तापलेलं इंजिन, कोरडी चिपाडं! आम्ही जीव खाऊन पळालो. धूर दिसताच सासऱ्यांनी हाताला लागली ती बादली ओतली.

उसाच्या रसाची!

आग लागली नाही. पण इंजिन जाम, वरून रसात न्हालेलं. संदीप मटकन खाली बसला. मला तर तोंड लपवायला जागा नव्हती.

सासऱ्यांनी विचारलं, "तापल्यावर तुमी काय केलं, जावईबापू?"

"इंधन कमी केलं."

"मग बरोबर केलं की!"

साऱ्या गावात माझ्या बाजूने तेवढे एकच, आणि त्यांनीच रस ओतलेला!

स्पर्धा हुकली. आता विमान बाहेर काढण्याआधी संदीप ओरडतो, "आबा, दाजींना चुलवाणावर बसवा!"

बसतो बापडा. तिथे इंधन कमी केलं की जाळ खरंच कमी होतो, देवाशपथ!