साडूंचं पाण्यावरचं इंजिन

आमच्या साडूंना पाना कसा धरायचा हे मी शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांचीच बाजू घेणार. सगळेच घेतात. साडू ठाण्याला वर्तकनगरात राहतात, बँकेत कारकून होते. त्यांची बायको थोरली बहीण, माझी धाकटी. मी डोंबिवलीचा, मानपाड्याला एमआयडीसीत टर्नर. अठ्ठावीस वर्षं लोखंड कापतोय. आता इंजिनाच्या बाबतीत कोणी कोणाला शिकवायचं, हे काय सांगायला पाहिजे?

आमची रविवारची पाच जणांची मंडळी होती. मानपाड्यात एका लेथवाल्याचा गाळा, तिथे जमायचो. नाद एकच, छोटं इंजिन पाण्यावर चालवायचं. आरओच्या जुन्या फिल्टरच्या भांड्यात स्टीलच्या पत्र्या बसवायच्या, कॉस्टिक सोडा घातलेलं पाणी भरायचं, बॅटरी जोडली की बुडबुडे सुटतात. तो गॅस नळीने इंजिनाला पाजायचा. आंबिवलीहून विज्ञानाचे एक निवृत्त सर यायचे. ते दर वेळी म्हणायचे, "अरे, पाण्याचा गॅस करायला जेवढी शक्ती लागते तेवढी जाळून परत मिळत नाही. जन्मभर पोरांना हेच शिकवलंय मी." आणि दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन शटरपाशी उभे.

आमच्यात एक रीत होती. इंजिन आधी पेट्रोलवर चांगलं गरम करायचं, मग बंद करायचं. टाकी सोडवून सगळ्यांसमोर उलटी धरायची. कार्बोरेटरच्या वाटीतला शेवटचा थेंब फडक्यावर काढायचा. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. त्यानंतर नुसत्या गॅसवर दोरी ओढायची आणि घड्याळ लावायचं. दोन वर्षं खपून माझं इंजिन चाललं अकरा सेकंद. गाळ्यात तोच विक्रम होता, आणि मी तो चहाच्या प्रत्येक कपासोबत लोकांना ऐकवायचो.

साडूंना मीच घेऊन गेलो. रविवारी घरी बसून वैतागतात, असं बायको म्हणाली म्हणून. इस्त्रीचा फुल शर्ट, खिशात डायरी. पहिल्या दिवशी त्यांनी बोल्ट उलटा पिळून त्याचे आटे घालवले. आम्ही हसलो, तेही हसले. मग कल्याणच्या भंगारातून त्यांनी पंपाचं एक खटारा इंजिन उचलून आणलं आणि दर रविवारी डायरीत लिहून लिहून, मला विचारून विचारून ते उभं केलं. "साडूभाऊ, हे बरोबर बसलंय का?" "हो, बसलंय." सहा महिने हेच.

आणि एका रविवारी त्यांनी दोरी ओढली, ते इंजिन फुरफुरलं, आणि थांबेचना. अर्धा मिनिट. एक मिनिट. टाकी माझ्या हातात, उलटी. साडेचार मिनिटं ते धूड चाललं. सरांच्या डोळ्यांत पाणी! लेथवाला पेढे आणायला धावला. मी ती रिकामी टाकी धरून तसाच उभा. पोटात दुखणं ही नुसती म्हण नाही हो. मला खरोखर कळ आली.

घरी पोचेपर्यंत व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर. बायको दारातच म्हणाली, "भावजींनी करून दाखवलं हो! आणि तुमचं ते... अकरा सेकंद ना?"

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," मी म्हटलं.

"हो, पण फांदी तुटली ना," ती म्हणाली, आणि परत व्हिडिओ लावला.

पुढच्या दोन्ही रविवारी इंजिन तसंच चाललं, आणि मी जेवणावर राग काढायला लागलो. भाजीत मीठ कमी, पोळी जाड. माझ्या अंगाचा तिळपापड कशाने होतोय, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. साडूंना मात्र नाही. ते आपले फोन करून विचारायचे, "पत्र्यांमधलं अंतर अजून कमी करू का?" अरे, मला काय विचारता! नोबेल तुम्ही घ्या ना!

गाळ्याची एक चावी माझ्याकडे असायची, कारण माझं घर जवळ. एका मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर मी एकटाच तिथे गेलो. खोटं कशाला बोलू, चोरी करायलाच गेलेलो. साडूंनी असं काय केलंय ते बघायचं, आणि रविवारी आपल्या इंजिनाला तेच करायचं. भांडं पाहिलं, नळ्या पाहिल्या. सगळं माझ्यासारखंच. मग सवयीने तेलाची पट्टी बाहेर काढली.

तेल खुणेच्या दोन बोटं वर होतं. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं. पेट्रोल!

एका क्षणात सगळं उलगडलं. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत होती. रविवारी निघताना टाकी परत भरून बसवायचो, तिच्यातलं पेट्रोल आठवडाभर थेंब थेंब झिरपून खाली तेलात जमायचं. रविवारी इंजिन गरम केलं की तेलातून त्याची वाफ उठायची आणि वाफेच्या नळीतून परत इंजिनातच जायची. आम्ही टाकी उलटी करत होतो, वाटीचा थेंब पुसत होतो, आणि तेलाचा वास घ्यायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. साडूंचं इंजिन पेट्रोलवरच चालत होतं!

मी एकटाच मोठ्याने हसलो. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पट्टी हातातच होती आणि फोन वाजला. साडू. "साडूभाऊ, अजून घरी कोणाला बोललो नाहीये, पहिलं तुम्हाला सांगतोय. शुक्रवारी राजीनामा देतोय. निवृत्तीला सात वर्षं राहिलीत, पण मन लागत नाही आता बँकेत. लेथवाले म्हणतात, रिक्षांना हे किट बसवू. जन्मात पहिल्यांदा काहीतरी जमलंय मला. आणि ते तुमच्यामुळे."

तोंड उघडायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं, "थांबा, तेलात पेट्रोल आहे." पण फोनवर सांगितलं असतं तर कोणाला कळलं असतं? साडूंनी गुपचूप फ्लोट बदलला असता आणि साडेचार मिनिटांचा व्हिडिओ घरोघर तसाच राहिला असता. मला सगळ्यांच्या समोर पाहिजे होतं. सर, लेथवाला, जमलं तर बायकोसुद्धा.

"अभिनंदन," मी म्हटलं.

मनाशी म्हटलं, माणूस शुक्रवार म्हणतो आणि सहा महिने घालवतो. बँकेतला कारकून, सही करताना तीनदा पेन झटकणार. बुधवारी मी नव्या तेलाचा डबा विकत घेतला.

शुक्रवारी त्यांनी राजीनामा दिला. एकदाही पेन झटकलं नाही.

रविवारी मी म्हणालो, "साडू, तेल काळं झालंय, बदलूया." ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." मी बोल्ट सोडला, जुनं तेल तसराळ्यात काढलं आणि सरांच्या नाकाखाली धरलं. वाटीतली सुई मी साफ करून बसवली, नवं तेल भरलं, इंजिन गरम केलं, टाकी उलटी केली. साडूंनी दोरी ओढली. फुर्र. चार सेकंद. परत ओढली. तीन. ओढत राहिले, फुल शर्ट पाठीला चिकटेपर्यंत. शेवटी लेथवाल्याने त्यांचा हात धरला.

मी वाट बघत होतो की आता मजा वाटेल. आत्ता वाटेल.

साडू खाली बसले. तसराळ्यातल्या तेलात बोट बुडवून त्यांनी वास घेतला. मग माझ्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत तेलाचा रिकामा डबा आणि दुकानाची पावती होती. पावतीवरची तारीख त्यांनी वाचली. बँकेतला माणूस, तारीख आधी बघणार.

"बुधवार," ते म्हणाले. मोठ्याने नाही. "माझा फोन मंगळवारी आलेला ना?"

मी हो म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि हात पुसायला फडकं मागितलं. ते मीच दिलं.

सोमवारी ते राजीनामा परत मागायला गेले. मंजूर झालेला होता. आता वर्तकनगरातच एका औषधाच्या दुकानात काउंटरवर बसतात. इंजिन त्यांनी परत भंगारात दिलं, डायरी मात्र मला देऊन टाकली. तिच्या पहिल्या पानावर पाना कसा धरायचा त्याचं चित्र आहे, खाली माझं नाव.

मेव्हणी अजून मला सांगते, "तुम्ही वेळेवर पकडलंत म्हणून, नाहीतर हे रिक्षावाल्यांच्या शिव्या खात बसले असते." बायको मान हलवते, जरा अभिमानानेच. म्हणजे मंगळवारचं साडूंनी घरात कोणालाच सांगितलेलं नाही. आम्ही गेलो की तेच चहा आणतात, "घ्या, साडूभाऊ," म्हणतात. त्यांच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर टाकलं असतं. मला नसतं जमलं हे गप्प राहणं. आणि जळायला होतं हो मला अजून, त्यांचा चहा पिताना.